'ज्येष्ठ', 'वृद्ध' की 'म्हातारे'? पाटीवर नेमके काय लिहावे?

वाचनवेस

आमच्या पेठेतील छोट्या वाचनालयाने वर्तमानपत्रांच्या दालनातली खिडकीजवळची बाके वयाने मोठ्या वाचकांसाठी राखून ठेवायचे ठरवले असून, त्यावर लावायच्या पाटीचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' असे लिहून मोकळा झालो होतो. परंतु कार्यकारिणीच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले की येथे पेपर वाचायचा आहे, मतदान करायचे नाही, मग 'नागरिक' कशाला? दुसऱ्यांना 'वयोवृद्ध वाचक' असा शब्द हवा होता. तिसरे सभासद स्वतः सत्तरी ओलांडलेले आहेत. ते म्हणाले, "सरळ 'म्हाताऱ्यांसाठी' असे लिहा, सगळ्यांना कळेल. फक्त मग त्या बाकावर कोणीही बसणार नाही."

या शेवटच्या वाक्यावर सगळे हसले, पण माझी अडचण तेथूनच सुरू झाली. 'ज्येष्ठ' हा मला तुलनेचा शब्द वाटतो. कोणीतरी कनिष्ठ असल्याशिवाय कोणी ज्येष्ठ कसा होईल? आणि 'म्हातारा' हा जर आपल्या भाषेतला रोजचा, अस्सल शब्द असेल तर तो पाटीवर आला की अपमान का वाटतो? सोलापुरात तर मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि दखनीही बोलली जाते. जाणकारांनी आपापल्या घरातले आणि गल्लीतले शब्द सांगावेत.

काउंटर क्रमांक ३

नोकरीच्या निमित्ताने हा शब्द रोज हाताळतो, म्हणून आधी त्याचा कागदोपत्री अर्थ सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात ६० वर्षे पूर्ण केलेली भारतीय नागरिक असलेली व्यक्ती म्हणजे ज्येष्ठ नागरिक. प्राप्तिकराच्या हिशेबातही ६० हीच रेघ आहे, मात्र तेथे ८० वर्षांनंतर माणूस 'अति ज्येष्ठ' होतो. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी ६५ वर्षे लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' म्हणून मोफत प्रवास आहे. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. ती चालू होती तेव्हा पुरुष ६० व्या वर्षी आणि स्त्रिया ५८ व्या वर्षी ज्येष्ठ होत असत.

म्हणजे ६२ वर्षांचे गृहस्थ आमच्या खिडकीवर ज्येष्ठ असतात, अर्धा टक्का जास्त व्याज घेतात, आणि तेथून एसटी स्टँडवर गेले की पूर्ण तिकीट काढणारे सामान्य प्रवासी होतात. तेव्हा 'नागरिक' हा शब्द निरर्थक नाही. तो हक्काचा शब्द आहे. कायद्याने ठरवलेल्या वयानंतर काय मिळेल एवढेच तो सांगतो, माणूस कसा आहे हे सांगत नाही.

व्याकरणवेडा

वाचनवेस यांची शंका रास्त आहे, कारण 'ज्येष्ठ' हे मुळात तमभाव, म्हणजे 'सर्वांत अधिक' हा अर्थ, दाखवणारे रूप आहे. 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ', 'बलिष्ठ' या शब्दांच्या शेवटी जो 'इष्ठ' प्रत्यय आहे तोच येथेही आहे. आता गंमत पाहा. हा प्रत्यय कोणत्या शब्दाला लागून 'ज्येष्ठ' तयार होतो? पाणिनीने याची दोन उत्तरे दिली आहेत. 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य या शब्दाच्या जागी 'ज्य' असा आदेश, म्हणजे बदली शब्द, येतो. आणि लगेच पुढच्या सूत्रात 'वृद्धस्य च' असे म्हणून तोच आदेश 'वृद्ध' या शब्दालाही सांगितला आहे. ज्यांना 'वृद्ध' म्हटलेले खपत नाही म्हणून आपण 'ज्येष्ठ' म्हणतो, त्यांना व्याकरणाच्या दृष्टीने आपण 'सर्वांत वृद्ध' म्हणत असतो.

'वृद्ध' शब्दात तरी वाईट काय आहे? 'वृध्' म्हणजे वाढणे. 'वृद्धी' आपण पगाराची आणि व्यापाराची आनंदाने स्वीकारतो, मग त्याच धातूपासून आलेल्या विशेषणावर राग कशासाठी? ज्ञानाने वाढलेला तो ज्ञानवृद्ध, तपाने वाढलेला तो तपोवृद्ध आणि केवळ वयाने वाढलेला तो वयोवृद्ध, असा स्पष्ट भेद जुन्या भाषेत आहे.

पंढरपूरनाका

केवळ वयाने वाढलेल्यांची पंचाईत झाली म्हणायची.

निवृत्त मास्तर

शाळेत या शब्दाने भांडणे झालेली मी पाहिली आहेत. सेवाज्येष्ठतेच्या यादीत वय नव्हे तर नेमणुकीची तारीख पाहतात, त्यामुळे पस्तिशीतला शिक्षक पंचेचाळिशीतल्या शिक्षकाला ज्येष्ठ ठरू शकतो. मुख्याध्यापकपद त्याच यादीवर ठरते, म्हणून ती यादी लागली की शिक्षकदालनात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नसे. लग्नपत्रिकेत पाहावे तर सव्वीस वर्षांचा नवरदेवही 'ज्येष्ठ चिरंजीव' असतो. वर्तमानपत्रात पन्नाशीतल्या माणसाला 'ज्येष्ठ साहित्यिक' म्हणतात, त्यात वयापेक्षा मान अधिक असतो. इतक्या ठिकाणी इतक्या अर्थांनी वापरला जाणारा शब्द एकट्याने पाटीवर लिहिता येणार नाही. त्याला 'नागरिक' जोडला की मगच त्याचा अर्थ पक्का होतो, म्हणून माझे मत काउंटर क्रमांक ३ यांच्या बाजूने.

अक्कलकोट रोड

आमच्या घरात कन्नड बोलली जाते आणि शेजारी तेलुगू. आम्ही आजोबांना 'मुत्त्या' म्हणतो आणि आजीला 'आयी'. शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यातच गोंधळ झाला, कारण बाईंनी "आईला घेऊन ये" असे सांगितले आणि मी आजीला घेऊन गेलो. आमच्याकडे 'अव्वा' म्हणजे आई. शेजारच्या पद्मशाली घरात मात्र 'अव्वा' म्हणजे आजी आणि 'तात' म्हणजे आजोबा. एकाच बोळात 'अव्वा' अशी हाक आली की दोन वेगवेगळ्या वयांच्या बायका 'ओ' देत.

पाटीपुरते सांगायचे तर कन्नडमध्ये 'हिरिय नागरिकरु' असे लिहितात. 'हिरिय' म्हणजे मोठा, थोरला. हाच 'हिरे' आपल्याकडच्या हिरेमठ या आडनावात आहे, आणि सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाचा मान असलेल्या हिरेहब्बू घराण्याच्या नावातही आपण दरवर्षी जानेवारीत तो उच्चारतो. 'मुदुक' म्हणजे म्हातारा हा शब्दही कन्नडमध्ये आहे, पण तो कोणाच्या तोंडावर म्हणत नाहीत.

चाळीतली सुनंदा

माझे वय ६८ आहे आणि मला या चर्चेत एक गोष्ट खटकली. येथे सगळे 'म्हातारा' या शब्दाची चिंता करत आहेत, 'म्हातारी'चे काय? म्हणीत मरते ती म्हातारी, 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो'. रुईच्या बोंडातून उडतो तो म्हातारीचा कापूस, जत्रेतल्या गुलाबी साखरेला म्हातारीचे केस. पुरुष पांढऱ्या केसांनी 'अनुभवी' होतो आणि बाई लगेच म्हातारी होते.

मंडईत भाजीवाला मला 'आजी' म्हणतो. त्याचे स्वतःचे केस पिकलेले आहेत. मी त्याला एकदा शांतपणे सांगितले की मला मावशी म्हण, ताई म्हण, पण तुझी आजी होण्याइतकी मी मोठी नाही. तेव्हापासून तो 'मॅडम' म्हणतो आणि कोथिंबीर फुकट देत नाही.

पंढरपूरनाका

सुनंदाताई, कोथिंबिरीची जुडी सध्या ज्या भावाने मिळते ते पाहता 'आजी' परवडली असती.

शब्दवेल्हाळ

'म्हातारा' हा शब्द हीन आहे या समजुतीला मुळातच आधार नाही. तो संस्कृत 'महत्तर' या शब्दापासून प्राकृतातून आलेला आहे. 'महत्तर' म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावातल्या प्रमुख, मातब्बर माणसांना 'महत्तर' म्हटलेले आढळते, आणि 'म्हात्रे' हे आडनावही तेथूनच आले असे मानतात. म्हणजे म्हातारा हा गावचा प्रतिष्ठित माणूस होता.

त्याहून दचकवणारे उदाहरण 'थेरडा' या शब्दाचे आहे. आज ही शिवी आहे, पण तिच्यातला 'थेर' हा संस्कृत 'स्थविर' आणि पालीतला 'थेर'. बौद्ध संघात उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, घेऊन दहा वर्षे झालेल्या भिक्षूला थेर म्हणतात, वीस वर्षे झाली की महाथेर. तेथे जन्मापासूनचे वय मोजत नाहीत, संघातले मोजतात. मास्तरांनी सांगितलेल्या सेवाज्येष्ठतेसारखेच हे आहे. पुढे मराठीत त्याला तुच्छतेचा 'डा' चिकटला, आणि 'म्हातारडा' या शब्दातही तोच 'ड' आहे.

तेव्हा आपण नवा आदराचा शब्द शोधून काढतो, तो वापरून वापरून झिजतो, आणि मग त्याच्यावर पुन्हा पांघरूण घालायला आणखी एक शब्द आणतो. 'महत्तर' झिजून 'म्हातारा' झाला, 'वृद्ध' नकोसा झाला म्हणून 'ज्येष्ठ' आला. 'ज्येष्ठ'ही जाईल. कॉलेजातली मुले एकमेकांना चिडवताना "काय ज्येष्ठ नागरिक!" असे म्हणू लागली आहेत, ही त्याची सुरुवात आहे.

नवी पेठ

शब्दवेल्हाळ, व्युत्पत्ती उत्तम आहे, परंतु तिचा येथे काय उपयोग? ज्याला आज 'थेरडा' म्हटले त्याला "अहो, पालीत हा मानाचा शब्द आहे" असे सांगून त्याचा राग शांत होणार आहे काय? शब्दाचा अर्थ तो आज कसा वापरतात यावर ठरतो. पाटी वाचणारा माणूस कोश हातात घेऊन वाचनालयात येत नाही.

शब्दवेल्हाळ

वाचनालयात येणाऱ्याच्या हातात कोश नसेल तर आणखी कोणाच्या हातात असणार? तरीही आपला मुद्दा मान्य. व्युत्पत्तीवरून आजचा वापर बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. मला एवढेच म्हणायचे होते की दोष त्या शब्दात नाही, आपण म्हातारपणाकडे ज्या नजरेने पाहतो तिच्यात आहे.

माढ्याचा मळा

गावाकडे 'म्हातारा' हा शब्द आजही सरळ वापरतात आणि त्यात अपमान नसतो, पण तो कसा वापरतात हे पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसाविषयी बाहेर बोलताना पुष्कळदा नपुंसकलिंग येते. "आमचं म्हातारं अजून रोज रानात जातंय" या वाक्यात जेवढी माया आहे तेवढी "आमचे वडील ज्येष्ठ नागरिक आहेत" या वाक्यात येणे शक्य नाही. तेच म्हातारं समोर असेल तर मात्र कोणी तसे म्हणत नाही. मग आप्पा, आबा, तात्या, अण्णा, नाना यांपैकी जे असेल ते. म्हणजे पाठीमागे एक शब्द आणि तोंडावर दुसरा. पाटी तर तोंडावरच लावलेली असते, म्हणून पाटीवर 'म्हातारे' चालणार नाही असे माझे मत आहे.

'वडील' या शब्दाचेही पाहा. आज त्याचा अर्थ बाप एवढाच उरला आहे, पण मुळात तो वयाने मोठा या अर्थाचा होता. 'वडील भाऊ', 'वडीलधारी माणसे', 'वडीलकी' यांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. 'वडीलधाऱ्या वाचकांसाठी' असे लिहिले तर कसे वाटेल?

नवी पेठ

'वडीलधारी' म्हटले की मला लगेच कोणीतरी रागावणार आहे असे वाटते.

तहसीलचा उंबरा

आतापर्यंत एक बाजू राहून गेली आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काउंटर क्रमांक ३ यांच्या खिडकीवर जी योजना आहे तिचे नाव 'ज्येष्ठ नागरिक बचत योजना'. तिच्यात एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. आता आमच्या खिडकीवरच्या योजनांची नावे वाचा. 'इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना', 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना', आणि 'संजय गांधी निराधार अनुदान योजना'. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरीब माणसाला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. ज्याच्याकडे ठेवायला पैसे आहेत तो 'ज्येष्ठ' आहे, आणि ज्याला मागायचे आहेत तो 'वृद्ध' किंवा 'निराधार' आहे.

सोलापुरात आयुष्यभर विड्या वळलेल्या बायका हयातीच्या दाखल्यासाठी येतात तेव्हा "निराधारचे पैसे जमा झाले का?" असेच विचारतात. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरात मुलगा, सून, नातवंडे असे सगळे असते आणि अर्ज श्रावणबाळाचा असतो, तरी तोंडात शब्द 'निराधार' हाच बसला आहे. त्यांना कोणी 'ज्येष्ठ नागरिक' म्हटलेले मी ऐकलेले नाही. त्या स्वतःलाही तसे म्हणत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे 'ज्येष्ठ नागरिक' हा सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या, निवृत्तिवेतन घेणाऱ्या वर्गाने स्वतःसाठी ठेवून घेतलेला शब्द आहे.

काउंटर क्रमांक ३

निरीक्षण टोचणारे आहे, पण पूर्ण खरे नाही. मी वर उल्लेख केलेला २००७ चा कायदा नेमका त्यांच्यासाठीच आहे ज्यांना स्वतःच्या मिळकतीवर जगता येत नाही. त्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध निर्वाहभत्ता मागणारी बाई 'ज्येष्ठ नागरिक' म्हणूनच अर्ज करते. एवढेच नव्हे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळवण्याची सोयही त्यात आहे. तेव्हा कायद्याने तरी हा शब्द गरिबाला नाकारलेला नाही.

तहसीलचा उंबरा

कायद्याने नाकारलेला नाही हे खरे. पण त्याच कायद्यात, ज्यांना राहायला जागा नाही अशा गरीब ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात जे काढावे असे म्हटले आहे, त्याला आपण मराठीत काय म्हणतो? वृद्धाश्रम. 'ज्येष्ठाश्रम' कोणी म्हणत नाही. पैसे भरून राहायच्या ठिकाणांच्या जाहिराती मात्र पाहा, तेथे 'ज्येष्ठांसाठी निवास' असते.

चाळीतली सुनंदा

उंबरा यांच्याशी मी सहमत आहे. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत विड्या वळल्या. त्यांना वय विचारले की त्या "लई झालं" एवढेच सांगत.

स्टेशनवाला

थोडे विषयांतर, पण शब्दांचेच. सोलापूर स्थानकावर हिंदीत 'वरिष्ठ नागरिक' आणि मराठीत 'ज्येष्ठ नागरिक' असे दोन्ही वाचायला मिळते. मराठीत 'वरिष्ठ' म्हणजे कचेरीतला वरचा अधिकारी. "वरिष्ठांच्या कानावर घालतो" असे कोणी म्हटले की काम होणार नाही हे समजावे. 'वयस्क' शब्दाचे तर याहून विचित्र. हिंदीत तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्याला लावतात आणि मराठीत वयस्क किंवा वयस्कर म्हणजे उतारवयातला माणूस. हिंदी सूचनेचे घाईने मराठी केले की विशीतला मुलगाही एका फटक्यात उतारवयात जातो. उलट मराठीतला 'प्रौढ' हिंदीत गेला की अधेड, म्हणजे मध्यमवयीन, होतो.

माढ्याचा मळा

स्टेशनवाला यांनी शेजारच्या भाषेचा विषय काढलाच आहे तर फारसीचेही ऐका. 'बुजुर्ग' म्हणजे वयाने किंवा मानाने मोठा. आपण सातबाऱ्यावर 'बुद्रुक' लिहितो तो हाच शब्द, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. सांगोला तालुक्यातले महूद बुद्रुक म्हणजे एका अर्थाने ज्येष्ठ महूद.

पंढरपूरनाका

मग पाटीवर 'वाचक बुद्रुक' आणि 'वाचक खुर्द' अशी दोन दालने करावीत. महसूल खातेही खूश होईल.

व्याकरणवेडा

मजकूर काहीही ठरला तरी एक विनंती आहे. शहरातल्या अनेक फलकांवर 'जेष्ठ' असे लिहिलेले दिसते. तो शब्द 'ज्येष्ठ' असाच लिहावा. ज ला य जोडलेला आहे, तो रंगाऱ्याच्या सोयीसाठी गाळू नये. ज्येष्ठ महिना, ज्येष्ठा नक्षत्र आणि भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरी, ज्यांना आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणतात, या सर्व ठिकाणी हेच लेखन आहे.

निवृत्त मास्तर

व्याकरणवेडा यांस अनुमोदन. मी फळ्यावर हा शब्द इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की माझे विद्यार्थी मला पाहिले की आपोआप य जोडतात.

वाचनवेस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका पाटीसाठी इतकी माहिती मिळेल असे वाटले नव्हते. काल बैठकीत हे सारे प्रतिसाद वाचून दाखवले. तहसीलचा उंबरा यांचा मुद्दा वाचल्यावर मात्र चर्चेची दिशाच बदलली. आमच्या वाचनालयात येणारे बहुतेक लोक निवृत्त कर्मचारी आहेत, पण दुपारी विडी कारखान्यातून घरी परतताना थोडा वेळ टेकायला येणाऱ्या तीन-चार बायकाही आहेत. त्या 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' हे वाचून बाकावर बसणार नाहीत, कारण तो शब्द आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटत नाही, हे ग्रंथपाल बाईंनी सांगितले. 'वृद्ध' असे वाचून दुसरे बसणार नाहीत.

म्हणून विशेषण काढून टाकायचे ठरले आहे. 'साठ वर्षांवरील वाचकांनी येथे बसावे' एवढेच लिहायचे, आणि त्याखाली तेच कन्नड आणि तेलुगूत. अक्कलकोट रोड, दोन्ही ओळी तपासून देण्याचे काम आपल्याकडे देत आहे.

अक्कलकोट रोड

कन्नड माझ्याकडे, तेलुगू शेजारच्या तातांकडून तपासून घेतो. त्यांचे वय ८१ आहे, पण पाटीच्या कामासाठी बोलावले हे ऐकून ते आजच निघायला तयार आहेत.

नवी पेठ

'बसावे' हे आज्ञार्थी वाटते, पण 'राखीव' पेक्षा बरे. एक व्यवहारी प्रश्न: त्या बाकावर ५९ वर्षांचा माणूस बसलेला असेल तर त्याला उठवणार कोण?

चाळीतली सुनंदा

त्याला 'आजोबा' अशी हाक मारावी. तो आपण होऊन उठेल.